हद्दीतली शाळा

‘होम अलोन’ ज्यांनी पाहिला आहे त्यांना शेवटाकडचा एक प्रसंग आठवत असेल. आठ वर्षांचा केविन चोरांना हुलकावणी देत शेजारच्या घराच्या तळघरात उतरतो. तळघर पाण्याने भरलेलं, सामान तरंगतंय आणि पोरगं त्यातून वाट काढत पलीकडच्या जिन्याकडे निघालंय. हे तळघर कुठल्याच घराखाली नव्हतं. शिकागोच्या उत्तरेला नॉर्थफील्ड नावाचं एक छोटं उपनगर आहे. तिथलं एक हायस्कूल बंद पडलं होतं. त्या हायस्कुलाच्या पोहण्याच्या तलावात हे तळघर उभारलं होतं. सिनेमातल्या घराच्या आतल्या बऱ्याच खोल्याही त्याच शाळेच्या जिममध्ये बांधलेल्या. छत उंच, जागा ऐसपैस, वर्गात कोणी नाही. निर्मात्याला आणखी काय हवं असतं?

शाळेचं नाव न्यू ट्रीर वेस्ट. १९६५ साली ती सुरू झाली तेव्हा तिथे वर्ग पुरत नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची लाट तेव्हा हायस्कुलांच्या दाराशी येऊन थडकली होती आणि विनेटका गावातली जुनी न्यू ट्रीर शाळा तुडुंब भरली होती. म्हणून दोनतीन मैलांवर ही दुसरी काढली. लाट आली तशी ओसरली. १९८१ मध्ये दोन्ही शाळा पुन्हा एक झाल्या, नव्या इमारतीत फक्त नववीची मुलं उरली आणि १९८५ नंतर तीही गेली. वीस वर्षांत एक अख्खी शाळा कोरी करकरीत ते कुलूपबंद असा प्रवास करून मोकळी झाली.

हे एकट्या न्यू ट्रीरचं नशीब नव्हतं. जवळच्याच डेस प्लेन्समधलं मेन नॉर्थ हायस्कूल १९७० मध्ये उघडलं आणि १९८१ मध्ये बंदही झालं. त्याच रिकाम्या इमारतीत जॉन ह्यूजने ‘द ब्रेकफास्ट क्लब’ चित्रित केला. शनिवारी शिक्षा म्हणून शाळेत डांबलेली पाच मुलं ज्या लायब्ररीत दिवसभर बसून राहतात ती लायब्ररी मेन नॉर्थच्या जिममध्ये उभारलेला सेट होती. ह्यूज स्वतः याच पट्ट्यातला, नॉर्थब्रुकच्या ग्लेनब्रुक नॉर्थ हायस्कूलमधून १९६८ साली बाहेर पडलेला. त्याच्या सिनेमांतलं काल्पनिक गाव ‘शर्मर’ हेही नॉर्थब्रुकचं जुनं नाव, शर्मरव्हिल, थोडं छाटून केलेलं.

म्हणजे गंमत बघा. अमेरिकन हायस्कूल म्हटल्यावर जगभरच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे जे उभं राहतं, ते लांबच लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना रंगीत लॉकर, धाडकन आपटलेलं लोखंडी दार, ते बऱ्याच अंशी शिकागोच्या उत्तर उपनगरांतलं आहे, आणि त्यातलं काही तर मुलं निघून गेल्यावरचं. डोंबिवलीत किंवा साताऱ्यात व्हिडिओ कॅसेटवर हे सिनेमे पाहणाऱ्या पोरांना त्या लॉकरचाच हेवा वाटायचा. आयुष्यभर दप्तर पाठीवर वाहिलेल्यांना शाळेत आपल्या नावाचं एक कपाट असू शकतं ही कल्पनाच श्रीमंतीची वाटते. ती श्रीमंतीची होतीच, पण ते नंतर.

न्यू ट्रीरची मूळ शाळा अर्थातच जुनी आहे. मिशिगन सरोवराच्या काठाने शिकागोहून उत्तरेला रेल्वे गेली ती १८५५ मध्ये, आणि रुळांच्या कडेने विल्मेट, केनिलवर्थ, विनेटका, ग्लेनको अशी गावं मण्यांसारखी ओवली गेली. १८७१ मध्ये शिकागो जळालं, तेव्हा शहराला धसकलेली आणि खिशात पैसे असलेली माणसं झाडीतल्या या गावांकडे वळली. त्यांच्याही आधी इथे जर्मन शेतकरी आले होते. ट्रीर या प्राचीन रोमन शहराच्या आसपासचे. त्यांनी इथल्या टाउनशिपला आपल्या गावावरून न्यू ट्रीर हे नाव दिलं. जर्मनीतलं हे ट्रीर कार्ल मार्क्सचं जन्मगाव. अमेरिकेतल्या सर्वांत सधन वस्त्यांपैकी एक आज त्याच्या गावाचं नाव मिरवते, याची कल्पना मार्क्सला कुणी दिली असती तर दाढीतल्या दाढीत तो हसला असता की चिडला असता, कोण जाणे.

१८९९ मध्ये मतदारांनी हायस्कूल काढायला संमती दिली आणि ४ फेब्रुवारी १९०१ रोजी ७६ मुलामुलींना घेऊन शाळा भरली. फेब्रुवारीतलं विनेटका म्हणजे गोठलेलं सरोवर आणि गुडघाभर बर्फ. आज या शाळेत साधारण चार हजार मुलं आहेत. इंडियन हिल नावाचं छोटं स्टेशन शाळेला लागूनच आहे. शिकागोला नोकरीवर जाणारे बाप दक्षिणेकडची गाडी पकडत आणि काही मुलं उलट्या गाडीने येऊन शाळेत उतरत, असा तो परिसर. ठाणे-डोंबिवलीकराला हे चित्र ओळखीचं वाटेल. फक्त इथे गाडीत बसायला जागा मिळते.

गावांनी शिक्षणाचा ध्यासही घेतला होता. विनेटकाच्या प्राथमिक शाळांत १९१९ ते १९४३ पर्यंत कार्लटन वॉशबर्न नावाचे अधीक्षक होते. प्रत्येक मुलाने गणित-भाषा आपापल्या वेगाने पुढे न्यावी, सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नये, असा त्यांचा आग्रह. ‘विनेटका प्लॅन’ या नावाने तो शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसला. तिथली मुलं वाढून याच हायस्कुलात येत. मग १९२४ मध्ये हायस्कुलाने आपली स्वतःची एक रीत सुरू केली, आणि ती इतकी मुरली की आजही जुने विद्यार्थी भेटले की पहिला विषय तोच निघतो.

रीत अशी. दिवसाच्या सुरुवातीला सुमारे पंचवीस मिनिटांचा एक तास, त्यात शिकवायचं काहीच नाही. पंचवीसेक मुलांचा एक गट आणि त्यांचा एक ‘अ‍ॅडव्हायझर’. हा समुपदेशक म्हणून वेगळा नेमलेला माणूस नाही. भौतिकशास्त्र किंवा लॅटिन शिकवणारा नेहमीचाच शिक्षक, फक्त या कामासाठी त्याचा शिकवण्याचा भार थोडा हलका केलेला. अनेक दशकं मुलांचे गट वेगळे, मुलींचे वेगळे असत आणि एकदा गटात पडलेली मुलं वर्षानुवर्षं त्याच खोलीत, त्याच चेहऱ्यांसमोर रोज सकाळी येऊन बसत. पूर्वी तर अ‍ॅडव्हायझर नव्या मुलाच्या घरी जाऊनही येत असे. मूल कुठे झोपतं, अभ्यासाला कुठे बसतं, घरात कोण कोण आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असे.

आपल्याकडे वर्गशिक्षक असतात. हजेरी, फी, प्रगतिपुस्तकावर पालकांची सही आणि सहलीचे पैसे, यात त्यांचं वर्ष संपतं. शिवाय समोर साठ डोकी. न्यू ट्रीरच्या त्या खोलीत काही घडत नाही, हेच तिचं महत्त्व. कोणी उरलेला गृहपाठ घाईघाईत उरकतंय, कोणी बाकावर डोकं टेकून रात्रीची झोप भरून काढतंय, कोणाचा वाढदिवस म्हणून केकचे तुकडे कागदी बशीतून फिरतायत, भिंतीवरच्या स्पीकरवरून सूचना चालू आहेत त्या कोणीच ऐकत नाही. टेबलामागचा माणूस मात्र बघत असतो. तीन दिवस गप्प असलेली मुलगी त्याच्या नजरेत येते. चार हजारांच्या शाळेत मूल हरवणं फार सोपं आहे, आणि ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी, शाळा याहून कितीतरी लहान असताना, कुणाच्या तरी लक्षात आली. त्यावर उपाय म्हणून नवा विषय काढला नाही, परीक्षा काढली नाही. रोजची पंचवीस मिनिटं मोकळी सोडली. शाळेच्या वेळापत्रकात याहून महाग वस्तू नाही.

बाकी शाळा मात्र ‘काही न घडण्या’च्या अगदी उलट आहे. विषय तोच, पण पातळ्या वेगवेगळ्या, आणि त्यांना आकडे दिलेले. मुलगा इंग्रजीत वरच्या आकड्याला आणि गणितात खालच्या आकड्याला असू शकतो. वॉशबर्नच्या ‘आपापल्या वेगाने’चं हे वयात आलेलं रूप म्हणावं, तर मुलं त्या आकड्यांना एकमेकांच्या कपाळावरच्या शिक्क्यांसारखं वाचतात. वर्गात कितवा नंबर हे शाळेने कॉलेजांना कळवणं कधीच बंद केलं आहे. बाहेरच्या एखाद्या गावात ज्या मुलाने पहिला येऊन पेढे वाटले असते तो इथे गर्दीत मध्येच कुठेतरी सापडतो. नंबर काढून टाकला की चढाओढ जाते असं मानायला मात्र फार भाबडेपणा हवा. आपल्याकडेही बोर्डाने गुणवत्ता यादी बंद केली, म्हणून क्लासवाल्यांचे फ्लेक्स कुठे उतरले?

शारीरिक शिक्षणाच्या तासाला इथे ‘कायनेटिक वेलनेस’ म्हणतात, पण पोरं शेवटी धावतातच. पोहण्याचा तलाव या शाळेत गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून आहे. त्या काळी अमेरिकेतल्या हायस्कुलांतही ती चैनच होती. पोहणे, टेनिस, गोल्फ अशा खेळांत मिळून राज्य विजेतेपदांचा आकडा शंभराच्या पार गेला आहे. शाळेचं स्वतःचं रेडिओ केंद्र आहे, एफएम ८८.१, मुलंच चालवतात. मुलांनीच लिहिलेला, बसवलेला, विनोदी नकला आणि गाण्यांचा एक वार्षिक प्रयोग असतो, त्याचं नाव ‘लान्याप-पोपुरी’. शंभराहून जास्त मंडळं आहेत. बुद्धिबळापासून वादविवादापर्यंत. आणि वर्षअखेरीच्या पदवीदान समारंभाला टोप्या-झगे नाहीत. मुली लांब पांढऱ्या पोशाखात आणि मुलगे पांढऱ्या डिनर जॅकेटमध्ये येतात. जुन्या पैशाला साधेपणाचा सोस असतो, तो असा.

नाटकाचं वेड जुनं. चार्ल्टन हेस्टन, पुढे ‘टेन कमांडमेंट्स’मधला मोझेस आणि ‘बेन-हर’, याच शाळेच्या रंगमंचावर तयार झाला आणि १९४१ मध्ये नाटकासाठीच शिष्यवृत्ती घेऊन नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेला. त्याच्यानंतर दोनतीन वर्षांनी रॉय शेरर नावाचा उंच, लाजरा मुलगा इथून बाहेर पडला. त्याला शाळेच्या नाटकात कधी कामच मिळालं नाही, संवाद पाठ होत नसत, असं सांगतात. पुढे तो रॉक हडसन झाला. शाळांच्या स्नेहसंमेलनात ज्यांना झाड किंवा दुसरा शिपाई करतात त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही.

१९५९ च्या तुकडीतली नटी अ‍ॅन-मार्ग्रेट तर आणखी वेगळी. स्वीडनहून लहानपणी आलेली. वडील जखमी झाले, काम सुटलं, तेव्हा आईने विल्मेटमधल्या एका अंत्यविधीगृहात स्वागतिकेची नोकरी धरली, आणि राहायची सोयही तिथेच झाली. मृताच्या नातलगांनी येऊन बसायची जी खोली, तिच्यात रात्री या मुलीचं अंथरूण पडे. सकाळी ते गुंडाळून ती न्यू ट्रीरला जायची, जिथे वर्गातल्या मुलामुलींच्या घरांना सरोवराकाठचे खासगी किनारे होते. हॉलिवूडमध्ये ती एल्विस प्रेस्लीबरोबर नाचली हे सगळ्यांना ठाऊक असतं. अंत्यविधीगृहाच्या पत्त्यावर तिला ही शाळा मिळाली, ही गोष्ट मात्र नीट पाहण्यासारखी आहे. शाळेने तिच्याकडे फी मागितली नाही, आई काय करते हे विचारलं नाही, प्रवेश परीक्षा घेतली नाही. फक्त एक विचारलं: राहता कुठे? उत्तर हद्दीतलं होतं.

हद्द. अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळेबद्दल बोलताना या एका गोष्टीला वळसा घालून जाता येत नाही. शाळा सगळ्यांची, फुकट, लोकांनी निवडून दिलेल्या सात बिनपगारी सदस्यांच्या मंडळाने चालवलेली. पण ‘सगळ्यांची’ म्हणजे रेषेच्या आतल्या सगळ्यांची. शाळेचा बहुतेक पैसा येतो तो रेषेच्या आतल्या घरांवरच्या करातून. ही गावं ज्या कुक काउंटीत आहेत तिचं मालमत्ता कराचं बिल वर्षातून दोन हप्त्यांत येतं, आणि त्याच्यावर एकेक ओळ वाचत जाणं हा स्वतंत्र अनुभव आहे. काउंटीचा वाटा, वनक्षेत्राचा, सांडपाण्याचा, गावाचा, वाचनालयाचा, बागांचा, कम्युनिटी कॉलेजचा. अगदी डास निर्मूलनाचाही वेगळा विभाग आणि त्याची वेगळी ओळ. या सगळ्यांच्या पुढे, प्राथमिक शाळेची एक ओळ आणि हायस्कुलाची एक. या दोन ओळींतच बिलाचा निम्म्याहून जास्त पैसा जातो. घर जितकं महाग तितकी ओळ लांब, आणि शाळा जितकी चांगली तितकं घर महाग. साप आपलंच शेपूट गिळत वाढत जातो.

आणि रेषेच्या आत घर घ्यायला पूर्वी नुसते पैसे पुरत नसत. केनिलवर्थ गाव जेव्हा वसलं, तेव्हा कृष्णवर्णीय आणि ज्यू माणसांना तिथे घर विकायचं नाही असे करार होते. १९६५ च्या उन्हाळ्यात विनेटका आणि आसपासच्या गावांतल्या काही रहिवाशांनीच घरविक्रीतल्या या भेदाविरुद्ध मोहीम काढली, आणि २५ जुलैला मार्टिन ल्यूथर किंग विनेटकाच्या गावमैदानात येऊन बोलले. दहाएक हजार माणसं जमली होती असं म्हणतात. त्याच वर्षी नॉर्थफील्डची नवी शाळा उघडत होती, तिच्या भिंतींना ताजा रंग लागत होता.

जोनाथन कोझोल या लेखकाने १९९१ च्या ‘सॅव्हेज इनइक्वॅलिटीज’ या पुस्तकात न्यू ट्रीरला शिकागो शहराच्या दक्षिण भागातल्या ड्यूसेबल हायस्कूलशेजारी ठेवलं. दोन शाळांत अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर. एकीकडे जिममागून जिम, तलवारबाजी आणि कुस्तीसाठी वेगळ्या खोल्या. दुसरीकडे पुरेसे शिक्षकही नाहीत. पुस्तक गाजलं, न्यू ट्रीरचं नाव त्यानंतर विषमतेच्या प्रत्येक चर्चेत येऊ लागलं.

पण ड्यूसेबल म्हणजे नुसती दैन्याची कहाणी नाही, आणि इथे थोडं थांबायला हवं. शिकागोत वस्ती करणारा पहिला बिगर-मूलनिवासी माणूस कृष्णवर्णीय होता, ज्याँ बाप्तिस्त प्वाँ द्यू साब्ल. त्याच्या नावाची ही शाळा १९३५ साली उघडली. तिथे कॅप्टन वॉल्टर डायेट नावाचे संगीत शिक्षक होते. शिस्तीला लष्करी, कानाला कमालीचे तिखट. त्यांच्या बँडरूममधून डायना वॉशिंग्टन, जीन अ‍ॅमन्स, जॉनी ग्रिफिन, व्हॉन फ्रीमन असे जाझमधले मोठमोठे कलावंत बाहेर पडले. त्यांच्याही शाळेत दरवर्षी मुलांचा एक धमाल प्रयोग व्हायचा, ‘हाय-जिंक्स’. सरोवराच्या एकाच काठावर दोन टोकांना दोन शाळा, दोन्हीकडे पोरं नाटक-गाणं बसवतायत, आणि डायेटांच्या बँडरूमसाठी कुठल्याही श्रीमंत गावाच्या बिलावर ओळ नव्हती. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात शहराच्या शिक्षण खात्याने ड्यूसेबलचे लहान लहान शाळांमध्ये तुकडे केले. नॉर्थफील्डची शाळा मुलं कमी पडली म्हणून बंद झाली नि पुढे पुन्हा उघडली. ड्यूसेबलची इमारत उभी राहिली आणि शाळा विरली.

२ सप्टेंबर २००८. शिकागोच्या शाळांचा पहिला दिवस. राज्याचे सिनेटर आणि पाद्री जेम्स मीक्स यांनी मुलांना त्या दिवशी आपल्या शाळेत न जाण्याची हाक दिली, आणि हजारावर शहरी मुलं बसगाड्या भरून नॉर्थफील्डला आली. हीच ती सिनेमातली इमारत. २००१ पासून मुलं पुन्हा वाढली म्हणून ती नववीसाठी उघडली होती. मुलं रांगेने आत गेली आणि प्रवेशाचे अर्ज भरू लागली. न्यू ट्रीरच्या लोकांनी टेबलं मांडली होती, स्वयंसेवक उभे केले होते, कुणी कुणाला हाकललं नाही. सगळं अतिशय सभ्यपणे झालं. अर्जात पत्त्याचा रकाना होता. तो भरल्यावर पुढे काय होणार हे भरणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि घेणाऱ्यालाही. त्या काळी शिकागोच्या मुलामागे होणाऱ्या खर्चाच्या दीडपटीहून अधिक पैसा न्यू ट्रीरच्या मुलामागे खर्च होत होता. बहिष्कार लवकरच मागे घेण्यात आला. शाळांना राज्याकडून मिळणाऱ्या पैशाचं सूत्र इलिनॉयने बदललं ते २०१७ मध्ये.

त्याच २०१७ च्या फेब्रुवारीत न्यू ट्रीरने नेहमीचे तास बंद ठेवून एक अख्खा दिवस वांशिक न्यायाच्या चर्चेला दिला. कादंबरीकार कोल्सन व्हाइटहेडसारखे वक्ते बोलावले. पालकांत दोन तट पडले. हे एकांगी आहे म्हणून काही रागावले, हे फार पूर्वी व्हायला हवं होतं म्हणून काहींनी पाठिंबा दिला, सभांना गर्दी झाली, देशाच्या वर्तमानपत्रांत लेख आले. मुलं बहुतांश आली आणि त्यांनी आपापली सत्रं ऐकली. मोठ्यांच्या मानाने ती शांत होती.

नॉर्थफील्डची शाळा उघडली त्याच १९६५ सालच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने परदेशी लोकांच्या प्रवेशाचा कायदा बदलला, आणि त्या दारातून मराठी इंजिनियर आणि डॉक्टर आत आले. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं. बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही १९८१ मध्ये शिकागोतच झाली. उत्तरेच्या जुन्या उपनगरांत शाळा रिकाम्या होत होत्या तेव्हा मराठी मंडळी पश्चिमेकडे, नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्गकडे घरं बघत होती. तिकडे मक्याच्या शेतांवर नव्या शाळा उगवत होत्या. वॉबॉन्सी व्हॅली १९७५, नेकुआ व्हॅली १९९७, मिटिया व्हॅली २००९. वॉबॉन्सी आणि मिटिया हे पोटावाटोमी जमातीचे पुढारी. त्यांच्या लोकांना १८३३ च्या तहानंतर इथून मिसिसिपीपलीकडे जावं लागलं. हद्दी बदलण्याचा खेळ या मातीत शाळांच्याही आधीपासून चालू आहे.

आता कुठल्याही मराठी घरी गणपतीला जमलेल्या दहा माणसांत घराचा विषय निघाला की तिसरं वाक्य ‘स्कूल डिस्ट्रिक्ट कसं आहे’ हे असतं. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजोबांना याचा अर्थ लागत नाही. शाळा सरकारी, फी नाही, पुस्तकं शाळेची, पिवळी बस दारात येते, मग पोराने ऐपतीबाहेरचं घर का घेतलं? मुलगा समजावून सांगतो. आजोबा ऐकून घेतात आणि म्हणतात, अरे मग डोनेशनच झालं की हे, हप्त्याहप्त्याने. मुलगा म्हणतो, नाही हो बाबा, तसं नाही. मग नेमकं कसं, ते मात्र त्याला सांगता येत नाही, आणि सूनबाई चहा आणते.

इमारती मात्र कोणाच्या समजावण्यासाठी थांबत नाहीत. विनेटकाच्या जुन्या शाळेचे जिने अरुंद, जेवणाची जागा १९२८ ची, एका भागातून दुसऱ्या भागात जायला मुलांची दमछाक. २०१० मध्ये शाळेने १७.४ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांसाठी मतदान घेतलं. गावांनी नाही म्हटलं. तेव्हा देशभर मंदी होती, घरांच्या किमती कोसळल्या होत्या आणि श्रीमंत माणूसही त्या वर्षी बिल दोनदा वाचत होता. चार वर्षांनी शाळा ८.९ कोटींचा प्रस्ताव घेऊन पुन्हा आली. या वेळी लोक हो म्हणाले. जुनी पश्चिम बाजू पाडली, २०१७ मध्ये नवी उघडली. मत देणाऱ्यांत असे कितीतरी होते ज्यांची मुलं केव्हाच शिकून बाहेर पडली होती. त्यातल्या काहींनी घराचं भविष्य बघून मत दिलं असेल, काहींनी त्या सकाळच्या पंचवीस मिनिटांना जागून. मतपत्रिकेवर कारण लिहायला जागा नसते.

जूनमध्ये पदवीदान उरकलं की या गल्ल्यांत घरं विकायला काढल्याच्या पाट्या दिसू लागतात. धाकटं मूल बारावी झालं, आता एवढा कर कशाला भरायचा, असं म्हणून एक जोडपं शहरात छोट्या फ्लॅटमध्ये जायला निघतं. शनिवारी घर बघायला लोक येतात. एका तरुण बाईच्या कडेवर दीड वर्षाचं मूल आहे. ती स्वयंपाकघर बघते, वरच्या खोल्या बघते, छताचं वय विचारते. नवरा एजंटला विचारतो की मागच्या वर्षीचं कराचं बिल पाहायला मिळेल का. एजंटने ते आधीच छापून आणलेलं असतं.